माळ्यावरची अर्धी भिंत

१८ मे. तुमच्या तेरवीच्या पंगती उठल्या, भांडी घासून झाली, आणि मी मागच्या अंगणात छपरावरून उतरवलेली कवेलू निवडायला बसले. आता संध्याकाळ झाली आहे. हात धुऊन हे लिहिते आहे, पण नखांतली लाल माती गेलेली नाही.

विमलताई, काम सोपं आहे. एक कवेलू उचलायचं, डाव्या हातावर तोलायचं, उजव्या हाताच्या बोटानं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर उजवीकडच्या थप्पीत. बद्द वाजलं तर डावीकडे, फेकायला. बद्द वाजणाऱ्याचा तडा डोळ्यांना दिसत नाही, पण तो असतो, आणि पावसाळ्यात बरोबर आपल्या अंथरुणावर सापडतो. हे तुम्ही मला शिकवलंत. आमच्या घरी आधी नुसतं बघून निवडायचे आणि दर वर्षी गळायचं.

अडचण एवढीच, की तुमची कवेलू आणि माझी कवेलू एकात एक झाली आहेत. मधली भिंत वर न्यायची म्हणून तुमच्या छपराच्याही कडेच्या ओळी उतरवाव्या लागल्या. उतरवताना रामदास मिस्त्रीला बजावलं होतं, की दोन थप्प्या वेगळ्या ठेव. त्यानं मान हलवली आणि एकच ठेवली. दोन्हीकडची कवेलू एकाच भट्टीतली, एकाच वयाची. आता तुमचं कोणतं आणि माझं कोणतं, हे तुम्हालाही सांगता आलं नसतं. तुम्ही सांगितलं असतंत मात्र. ठासून.

लाईनीत न राहिलेल्या माणसाला आपलं घर समजावून सांगावं लागतं. माझ्या पल्लवीच्या सासरच्यांना मी सांगितलं होतं, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. सिंदीच्या जुन्या कापसाच्या जिनिंगच्या मालकानं कामगारांसाठी एका रांगेत बांधलेली आठ घरं. जिनिंग बंद पडलं, घरं राहणाऱ्यांच्या नावावर झाली, पण छप्पर एकच राहिलं. पहिल्या घरापासून आठव्यापर्यंत वरून एकच सागाचं आडं गेलेलं, त्याच्या दोन्ही उतारांवर कवेलू. घराघरांमधल्या भिंती मात्र माळ्यापर्यंतच. त्याच्या वर भिंत नाही. आपण प्रत्येकीनं आपल्या डोक्यावर फळ्या टाकून माळा केला, त्यावर लाकडं, गोवऱ्या, दिवाळीचे डबे ठेवले. पण शिडी लावून माळ्यावर चढलं, की या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांचे डबे दिसतात. आणि सगळ्यांचं ऐकू येतं.

मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. सासूबाई आंघोळीला गेलेल्या, मला चहा ठेवायला सांगितलेला, आणि साखर सापडेना. मी ह्यांना कुजबुजत विचारलं, साखर कुठे ठेवतात? ह्यांना काय माहीत असणार! तेवढ्यात छतातून आवाज आला, "पितळेच्या डब्यात हाय वं पोरी. झाकन घट्ट हाय, उलथन्यानं काढजो."

मी किंचाळले. तुम्ही हसलात. मग पलीकडच्या घरातून शेवंताआजीही हसल्या.

त्या दिवसापासून मी तुमच्यावर वर्षभर तरी राग धरला होता. माहेरी सेलूला आमचं घर सुटं होतं, चारही बाजूंनी मोकळं. भांडायचं तर दार लावून भांडता यायचं. इथे ह्यांच्याशी काही बोलायचं तर मी नळ सोडून बोलायला लागले. तुम्ही तेही सोडलं नाहीत. "नळ बंद कर वं, पानी चाललं वाया. मी कानात बोळे घालतो."

पुढे मला सवय झाली. सवय झाली म्हणजे काय, हे या दोन आठवड्यांत नीट कळलं. लाईनीतल्या बाया हाक मारत नाहीत. हाक म्हणजे कशी, बाहेर येऊन, ताणून, गल्लीत ऐकू जाईल अशी. तशी हाक मी इथे आल्यापासून मारलेली नाही. आपण जिथे उभ्या असू तिथूनच, ज्या आवाजात भाजी कापता कापता बोलतो त्या आवाजात, मान जराशी वर करून बोलायचं: "ताई, विरजण आहे का?" आणि वरून उत्तर येणार. विरजणाची वाटीही वरूनच. तुम्ही तुमच्या शिडीवर, मी माझ्या शिडीवर, मधे भिंतीचा माथा. सासूबाईंचा दमा उसळला तेव्हा मी असंच म्हटलं होतं, "ताई, येता का जरा?" ओरडले नव्हते. तुम्ही पदर सावरत दारात उभ्या होतात.

पल्लवी सासर सोडून परत आली तेव्हा तर मला म्हणावंही लागलं नाही. बॅग घेऊन आत आली, मी तिला पाणी दिलं, ती काही बोलायच्या आत वरून तुमचा आवाज आला. "आली का पोट्टी? जेवू घाल आधी. बाकी इचारू नको."

तुम्ही म्हणालात म्हणून नव्हे, पण मी विचारलं नाही. तिनं सांगितलं तेव्हा ऐकलं. आणि मग तिच्या लक्षात आलं, की तिनं मला जे सांगितलं ते पाच घरांनी ऐकलं आहे. वकिलाशी फोनवर बोलली की संध्याकाळी कोणीतरी तिला सल्ला देणारच. एकदा रडली तर दुसऱ्या दिवशी आठव्या घरातून शिरा आला. शिरा चांगला होता. तिनं हात लावला नाही.

"आई, मले इथं श्वास घ्यायले जागा नाई," ती म्हणाली. "एक खोली दे. चार भिंतीची. नाईतर मी नागपूरले खोली करतो."

तिला एकटीला नागपूरला पाठवायचं नव्हतं मला. निदान कोर्टाच्या तारखा सुरू असेपर्यंत नाही. खाली दोन खोल्या, पुढे रस्ता, मागे हातभर अंगण आणि संडास. वाढायचं तर वरच. मी दिवसभर हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर असते. लोकांच्या माळ्यांच्या खोल्या कशा होतात ते माझ्यासमोरूनच जातं. फळ्या काढायच्या, दोन बाजूंच्या भिंतींत गर्डर बसवायचे, वर फरशी, दोन्ही भिंती माणूसभर उंच न्यायच्या, वर टिन. तिसऱ्या घराला कुलूप आहे, त्यांनी फोनवर होकार दिला. राहिली तुमची बाजू.

तुम्ही गर्डरला लगेच हो म्हणालात. "ठेव ना. भिंत काय मायी एकलीची हाय?" आडं कापायलाही हो म्हणालात, जे मला वाटलं नव्हतं. कापलेली दोन्ही टोकं भिंतींवर घेतली, कोणाचं छप्पर हललं नाही. आमच्या घरावरचा तुकडा खाली उतरवला तेव्हा तुम्ही अंगणात उभ्या राहून वर बघत होतात. म्हणालात, "आवाज बदलला पाह्य घराचा." मला काही बदललेला वाटला नाही. मी म्हटलं, कान तपासून घ्या.

मग भिंत चढायला लागली आणि तुम्ही अट घातलीत. मधे एक खिडकी ठेव.

विमलताई, मी आजही सांगते, दोन घरांच्या मधल्या भिंतीत कोणी खिडकी ठेवत नाही. मी तुम्हाला विचारलं, कशासाठी? तुम्ही म्हणालात, धूर कोंडते. मी म्हटलं, तुमच्याकडे गॅस येऊन किती वर्षं झाली? तुम्ही म्हणालात, मांजरीचा रस्ता हाय तो. मी म्हटलं, मांजर दारातून येईल, तिला समजतं. मग हवा. मग उजेड. उद्या तुमच्या नितीननं घर विकलं तर घेणारा काय म्हणेल, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही रागावलात. "मी जित्ती हावो अजून, अन् तू घर इकून राह्यली मायं."

पल्लवी मधे पडली. "मावशी, मले खोली पाह्यजे, खिडकी नाई. खिडकी ठेवाची तं भिंत काऊन बांधाची?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. मला म्हणालात, "ठेवजो बाप्पा. लहान ठेव. पन ठेव."

आणि मी रामदासला सांगितलं, बाजूनं बांधत ने, मधली जागा सध्या सोड. एक माणूस वाकून जाईल एवढी जागा. तुम्हाला वाटलं मी ऐकलं. पल्लवीला वाटलं मी फक्त चार दिवस ढकलले. मला वाटत होतं, तुम्ही एकदा खरं कारण सांगाल. मी कारणाची वाट बघत होते. सरळ म्हणाला असतात, संगीता, मी एकटी राहते, मला भीती वाटते, तर मी त्याच दिवशी चौकट आणली असती. दुकानात पडूनच आहेत. पण तुम्ही मांजर सांगत राहिलात. आणि तुम्ही मांजर सांगताय तोवर मी मांजरीलाच उत्तर देत राहिले.

तुम्ही गेलात त्या दिवशी पल्लवीची तारीख होती, ती वर्ध्याला गेलेली. हे कामावर. मी दुकानात. घरी फक्त रामदास, आणि त्याची लोखंड कापायची मशीन. दुपारी मी जेवायला आले, तुमच्यासाठी भरल्या वांग्याची वाटी घेऊन वर चढले, आणि त्या सोडलेल्या जागेतून म्हटलं, "ताई, वाटी घ्या." तुम्ही बोलला नाहीत. दार आतून लावलेलं होतं. रामदास त्याच जागेतून तुमच्या माळ्यावर गेला, तुमच्या शिडीनं खाली उतरला. वर मला त्याचा आवाज आला, "बाई, खाली याजा. समोरून या." तो आवाजच असा होता, की मी वाटी भिंतीवर ठेवली. नंतर कोणीतरी ती उचलली असेल. तुम्ही पाण्याच्या माठाजवळ होतात. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, कधी ते नक्की सांगता येणार नाही, फार त्रास झाला नसावा. ते सगळ्यांनाच असं सांगतात, मला माहीत आहे.

नितीन पुण्याहून आला, सगळं नीट केलं. त्याला बोल लावण्यासारखं काही नाही. लाईनीतल्या बाया मात्र लावतातच, कोणाला ना कोणाला. तुम्ही असतात तर तुम्हीही लावला असतात.

सुतकाचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे मेलेला माणूस कोणत्याही घरातला असो, तेरवी होईपर्यंत आठ घरांतल्या कोणीही छपराला हात लावायचा नाही. आडं एक, सुतक एक. यावरून आपलं किती वाजलं होतं, आठवतं? पहिल्या घरातले आजोबा ऐन पावसाच्या तोंडावर, कवेलू फेरायच्या दिवसांत गेले, आणि तुम्ही सगळ्यांना थांबवून ठेवलंत. मी म्हटलं होतं, चुली वेगळ्या, विजेचे मीटर वेगळे, मग सुतक कसं एक? तुम्ही म्हणालात, "मीटर खाली हाय. सुतक वरून जाते." त्या वर्षी माझ्या दोन्ही खोल्या गळल्या. मी तुम्हाला प्रत्येक बादली दाखवली. त्या भांडणाचा निकाल लागायचाच आहे.

तर या वेळी मीही थांबले. वर ताडपत्री बांधलेली, रोज दुपारी वारा सुटतो, ताडपत्री फडफडते आणि माझा जीव वर. रामदास येऊन विचारायचा, काम सुरू करू का? मी म्हणायचे, तेरवीनंतर. शेवंताआजी ओट्यावर बसून बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "तू काऊन थांबली वं? तुयं आडं तं कापलं. तुले काय सुतक?"

टोमणा होता की खरंच विचारत होत्या, आजींचं कळत नाही. हिशेबानं बरोबर होतं त्यांचं. मी आडं कापलं आहे. माझ्या घरावरून काही जात नाही आता, ना इकडे ना तिकडे. आयुष्यभर मी तुमच्याशी हेच भांडले, की माझं घर वेगळं आहे. आता ते वेगळं झालं आहे, आणि मी तरीही थांबले होते. का, ते मला विचारू नका. मी आजींनाही सांगितलं नाही. म्हटलं, मिस्त्री सुट्टीवर आहे.

आज पंगतीत रामदास जेवला. हात धुऊन मागे आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि दोन कवेलू हातात घेऊन उगाच वाजवत राहिला. मी म्हटलं, बोल.

"बाई, एक सांगाचं होतं. त्या दिवशी आवाज आला होता."

"कुणाचा?"

"त्या बाईचा. मी मशीन बंद केली होती पाती बदलाले. तं खालून बोलल्या. संगीता, येजो जरा. असं."

"कसं? ओरडून?"

"नाई ना. तुमी बोलता ना दोघी, तसं. मले वाटलं रोजचंच हाय. मी वरूनच सांगतलं, बाई दुकानात गेल्या. तं त्या म्हनल्या, बरं."

"बरं?"

"बरं म्हनल्या. मंग मी मशीन सुरू केली."

मी त्याच्या हातातली कवेलू काढून घेतली. तो काय वेगळं करणार होता? शेजारीण शेजारणीला बोलावते, शेजारीण घरी नाही, निरोप दिला, निरोप पोचला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी कामावर ये, आणि जाताना शिडी आत घेऊन ठेव.

तेव्हापासून मी तुमच्यावर रागावलेली आहे. ताई, "बरं" का म्हणालात? त्याला म्हणायचं होतं, उतर खाली. म्हणायचं होतं, मला बरं वाटत नाही. आठही घरांच्या गोष्टी तुम्ही छतातून सांगत होतात, साखर कुठे आहे ते सांगत होतात, आणि स्वतःचं एवढं सांगता आलं नाही? की तेव्हा काही झालंच नव्हतं, तुम्हाला नुसता चहा हवा होता, आणि झालं ते नंतर? हेही असू शकतं. मला कधीच कळणार नाही, आणि कळणार नाही हे मला चालत नाही. तुम्हाला ठाऊक आहे माझा स्वभाव.

खिडकी ठेवली तर आवाज येईल, असं तुमच्या मनात असेल. जागा तर होती. उघडी होती, खिडकीपेक्षा मोठी होती. आवाज गेलासुद्धा. मग मी तुमच्याशी कशावरून भांडत होते? आणि मी जिंकले की हरले?

पल्लवीनं रामदासचं बोलणं मोरीतून ऐकलं. बाहेर येऊन म्हणाली, "आई, ठेव खिडकी. मावशी म्हनत होती तशी."

मला तिचा राग आला. खरं म्हणजे स्वतःचा आला असेल, पण निघाला तिच्यावर. मी म्हटलं, आता कोणासाठी? पलीकडे कोण आहे? नितीननं सकाळीच सांगितलं, काकू, भिंत पूर्ण करून टाका, मी भाडेकरू ठेवीन. अनोळखी माणसाच्या घरात उघडणारी खिडकी तुला हवी का? तूच म्हणत होतीस ना, चार भिंती? ती रडकुंडीला आली आणि आत गेली. मला बरोबर बोलल्याचा जो आनंद व्हायला हवा तो झाला नाही.

मी ठरवून टाकलं, की भिंत पूर्ण करायची. खिडकी तुमच्यासाठी होती. तुम्ही नाही.

मग कवेलूंची शेवटची थप्पी राहिली होती तेव्हा आवाज आला. अंगणातून नव्हे, वरून. तुमच्या घरातून. क्षणभर हातातलं कवेलू हातातच राहिलं.

"विमल, पानी आलं का वं नळाले?"

शेवंताआजी होत्या. तुमच्या पलीकडच्या घरातून, त्यांच्या मोरीत बसून, भाजी कापायच्या आवाजात. दुपारी तुमच्या तेरवीची बुंदी खाल्लेली बाई संध्याकाळी तुम्हाला पाणी आलं का विचारत होती. त्यांचं वय झालं आहे. पण मला ते वयाचं वाटलं नाही. त्या रोज याच वेळी विचारतात. तुम्ही सांगायचात, "आलं, बादली लावा." मी इतकी वर्षं ऐकत आले होते आणि कधी लक्ष दिलं नव्हतं, की त्यांच्याकडे कोणीच नाही. त्यांना पाणी आलेलं कळतं तुमच्याकडून, आणि त्यांच्या गुडघ्याचं दुखणं मला कळतं तेही तुमच्याकडून. त्या तुम्हाला बोलत, तुम्ही मला. मधलं घर तुमचं होतं.

म्हणजे खिडकी तुम्ही स्वतःसाठी मागत होतात की आजींसाठी? तेही सांगितलं नाहीत. मांजर सांगितलंत.

आजींना उत्तर मिळालं नाही. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, त्याच आवाजात, जराही चढवून नाही.  मी वर चढले, त्या सोडलेल्या जागेत डोकं घातलं. तुमच्या माळ्यावर अंधार होता, तुमचे डबे होते, पापड वाळत घालायची तुमची प्लास्टिकची शीट नीट घडी करून ठेवलेली होती. मी म्हटलं, "आजी, आलं पाणी. बादली लावा."

"संगीता हाय का? विमल कोठी गेली?" आणि मग लगेच, मी काही म्हणायच्या आत, "हो वं. हो. इसरलीच मी."

एवढंच झालं. मी खाली आले, हात धुतले, लिहायला बसले. उद्याचं अजून ठरलेलं नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

१९ मे. आज सकाळी मी दुकान उघडायच्या आधी मालकांकडून किल्ली घेतली आणि सगळ्यांत लहान चौकट घेऊन आले. एका झडपेची, जाड फळीची, बंद केली की आवाज अडेल अशी. पुण्याला परतलेल्या नितीनला फोन केला. म्हटलं, भिंत दोघांची आहे, खिडकी माझ्या अर्ध्यात बसवते, तुझ्या अर्ध्यात फक्त भोक आहे. तो हसला. आईसारखंच बोलता काकू, म्हणाला, बसवा.

रामदासला आधी सांगितलं, की यापुढे कोणाच्याही घरी काम करताना खालून आवाज आला, तर वरून उत्तर द्यायचं नाही. मशीन बंद करायची आणि उतरून बघायचं. तो म्हणाला, हो. त्याला सांगायची गरज नव्हती. तरी मी सांगितलं.

त्यानं चौकट त्या जागेत उभी केली, ओळंबा लावला, भोवती विटा चढवल्या. पल्लवी चहा घेऊन वर आली आणि भिंतीला टेकून बघत राहिली. खोली आता खोलीसारखी दिसायला लागली होती. मी बाकीची जागा पलंगासाठी मोजत होते.

"बाई, कडी कोन्या बाजूनं लावू?" रामदासनं विचारलं.

प्रश्न साधा होता. इकडून लावली तर पल्लवीला वाटेल तेव्हा बंद. आणि ती बंद असेल त्या वेळी पलीकडे कोणी काही म्हणालं तर? तिकडून लावली तर उद्या येणाऱ्या भाडेकरूच्या हातात. लावलीच नाही, तर एवढं सगळं बांधलं कशाला? दुकानात मी रोज वीस जणांना सांगते, कडी कुठे, बिजागरी कुठे. रामदास पेचकस हातात धरून थांबला होता.

आणि मी मान जराशी वर केली आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "ताई, कडी कोणत्या बाजूनं?"

रामदासनं माझ्याकडे बघितलं. पल्लवीनं चहाचा कप खाली ठेवला. तुमच्या घरातून काही आलं नाही. यायचं नव्हतंच.

मग तुमच्या घराच्या पलीकडून, तुमच्या रिकाम्या माळ्यावरून, शेवंताआजींचा आवाज आला.

"पोट्टीच्या बाजूनं लाव वं. फक्त पान्याच्या टायमाले उघडी ठेवजो म्हन तिले."

पल्लवी माझ्या आधी म्हणाली, "बरं, आजी."

मी रामदासला म्हटलं, लाव. आणि खाली उतरून तुमच्या कडेच्या ओळींसाठी कवेलू वर द्यायला लागले. प्रत्येक वाजवून.